लट्टलूर ते कंधारपूर



स्नेहमेळावा शनिवारी संपला. पुण्या-मुंबईकडचे आणि हैदराबादकडचे रात्रीच्या गाड्यांनी गेले. मागे राहिलेले आम्ही चौदा जण आणि आपले इतिहासाचे सर रविवारी सकाळी दोन जीपगाड्या करून कंधार बघायला निघालो. हसू नका. ज्या गावात आपण दहावीपर्यंत वाढलो, ते गाव बघायला आपण पन्नाशी उलटल्यावर, भाड्याची गाडी करून निघालो, हे खरं आहे. संपादक मंडळ म्हणालं, "गेलेल्यांना काय हुकलं ते कळू दे. तू इतिहासाचा माणूस, तूच लिही." लातूरला तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे अशी कामं माझ्याच गळ्यात येतात. पण खरं सांगायचं तर मला हे लिहायचंच होतं. सरांशी माझा एक जुना हिशेब राहिला होता.

तो हिशेब असा. आठवीत सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, 'कंधार ही राष्ट्रकूटांची राजधानी होती.' आपण सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, सहामाहीत लिहिलं आणि दोन-दोन मार्क मिळवले. पुढे १९८९ साली एम.ए.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला राष्ट्रकूटांची राजधानी विचारली. मी छातीठोकपणे सांगितलं, "कंधार." ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अफगाणिस्तानातलं का?" खोलीतले सगळे हसले. मग त्यांनी मला मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातलं आजचं मळखेड, हे नाव सांगितलं आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही. एस.टी.ने परत येताना मी सरांवर फार चिडलो होतो. गावाच्या प्रेमापोटी या माणसाने आपल्याला खोटा इतिहास शिकवला, असं वाटलं. त्यानंतर गावी आलो तरी मी सरांच्या गल्लीतून जायचं टाळत असे. सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, पोरगा लातूरला मोठा झाला, कामात असेल.

शुक्रवारी मी लातूरहून निघालो तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. चाकूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा आणि मग आत कंधार, असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता. लोह्याच्या अलीकडे माळेगावचा खंडोबा लागतो. मार्गशीर्षातल्या त्या जत्रेला आपल्यापैकी कितीतरी जण बैलगाडीत बसून गेलो आहोत, घोड्यांचा आणि गाढवांचा बाजार बघून आलो आहोत. तिथे हात जोडले आणि पुढे निघालो. हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल, पण तो एका राजघराण्याच्या दोन बिरुदांना जोडणारा रस्ता आहे, हे कळायला मला फार उशीर झाला.

राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. नवव्या शतकातल्या पहिल्या अमोघवर्षाच्या लेखात हे बिरुद आहे. लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, असा त्याचा अर्थ. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आता गंमत बघा. अमोघवर्षाची राजधानी मळखेड, आणि बिरुद मात्र लातूरचं. असं का? तर राजा कुठे राहतो हे ते बिरुद सांगत नाही, त्याचं घराणं मूळ कुठलं हे सांगतं. आपल्याकडे पुण्यात चार पिढ्या राहिलेला माणूसही आडनाव 'नांदेडकर' लावतो, तसाच हा प्रकार. आणि याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाला 'कंधारपुरवराधीश्वर' म्हटलेलं आहे. हा कृष्ण म्हणजे वेरूळचं कैलास लेणं करवणारा पहिला कृष्ण नव्हे, त्याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झालेला, साधारण इ.स. ९३९ ते ९६७ या काळात राज्य करणारा. तक्कोलमच्या लढाईत त्याने चोळांना हरवलं, तामिळ मुलखात खोलवर मजल मारली. एवढ्या मोठ्या राजाच्या बिरुदात आपलं गाव आहे.

हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीत होतो. तोवर सरांना सांगायला जायची लाज वाटू लागली होती.

असो. रविवारची फेरी आम्ही तळ्यापासून सुरू केली. जगत्तुंग समुद्र. आपण त्याला नुसतं 'तळं' म्हणायचो आणि उन्हाळ्यात आईच्या नकळत पोहायला जायचो. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचं नाव. तिसऱ्या गोविंदाचं ते बिरुद होतं, आणि दुसऱ्या कृष्णाच्या मुलाचं नावही जगत्तुंग, जो गादीवर बसण्याआधीच गेला. म्हणजे कुठल्याही जगत्तुंगाचं म्हटलं तरी हे नाव हजार-अकराशे वर्षं मागे जातं. राजवाडे गेले, राजधान्या लुटल्या गेल्या, परमार सीयकाने ९७२ साली मळखेड धुऊन नेलं, पुढच्याच वर्षी चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचं राज्यच संपवलं. पण म्हशी अजून या तळ्यात बसतात आणि त्याला लोक अजून जगत्तुंग म्हणतात. आपल्या वर्गातला जो मित्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला, तो बराच वेळ बांधाकडे बघत होता. नंतर म्हणाला, "मराठवाड्यात पाऊस किती आणि कसा पडतो, हे त्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं." त्यावर दुष्काळाची चर्चा सुरू झाली, ती चहा होईपर्यंत थांबली नाही.

तिथून मूर्तीचे अवशेष बघायला गेलो. क्षेत्रपालाची मूर्ती. कंधारमध्ये एका अजस्र दगडी मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. पाऊल, गुडघा, हात असे सुटे सुटे भाग. अखंड असताना ती पन्नास-साठ फूट उंच भरली असावी, असा अंदाज सांगतात. पावलाजवळ उभं राहिलं की हा अंदाज फुगवलेला वाटत नाही. क्षेत्रपाल म्हणजे गावाचा राखणदार. मन्याडच्या खोऱ्यात लांबून येणाऱ्या बैलांच्या तांड्याला आधी हा राखणदार दिसत असेल आणि मग गाव. आपण लहानपणी अशा दगडांवर बसून बोरं खाल्ली आहेत. 'राक्षसाचा पाय' म्हणायचो ना? एकाने तसा फोटो काढायला पाय वर ठेवला, तर सरांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने साठीला टेकलेला पाय निमूट खाली घेतला. सरांची नजर अजून तशीच आहे.

मूर्ती कुणी फोडली, कधी फोडली, यावर गाडीत वाद झाला. प्रत्येकाकडे तयार उत्तर होतं, आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्या मोबाइलवर जसे निरोप येतात तसं होतं. मी एवढंच म्हणालो की एवढी मोठी मूर्ती पडायला भूकंप लागतो, पाया खचावा लागतो, नाहीतर माणसं लागतात, आणि दगड यातलं काही बोलत नाही. मग थोडी शांतता झाली.

दगड बोलतो तो जिथे अक्षरं असतात तिथे. कंधारला मिळालेला राष्ट्रकूटांचा एक संस्कृत शिलालेख आहे. त्याचा सुरुवातीचा भाग हरवला आहे, पण तो तिसऱ्या कृष्णाच्या काळाशी जोडला जातो. त्यात इथल्या देवळांची नावं एकामागोमाग एक येतात, त्यांना दिलेली दानं येतात. त्या यादीतलं एकही देऊळ आज उभं नाही. पण ती यादी वाचली की कळतं, हे आडबाजूचं खेडं नव्हतं, राजाने पैसा ओतून वसवलेलं नगर होतं. आपल्या जिल्ह्यात असे लेख कमी नाहीत, त्यातले कितीतरी कानडी आहेत. १९६८ साली नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने श्रीनिवास रित्ती आणि ग. चं. शेळके यांनी वाचलेले नांदेड जिल्ह्यातले लेख पुस्तकरूपाने काढले. आपण पहिली-दुसरीतही गेलो नव्हतो तेव्हा हे काम होऊन गेलं होतं, आणि आपल्या हाती आलं ते काय, तर पाठ्यपुस्तकातली एक ओळ, 'राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास मंदिर खोदले.' कानडीचं नाव काढलं की आपल्याकडे काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण अमोघवर्षाच्या दरबारातल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. गोदावरी म्हणजे नांदेडच्या घाटावरची गोदावरी. कंधार तिच्या अलीकडे. त्या काळी या तळ्याकाठी दोन्ही भाषा कानावर पडत असतील, यात कुणाचं काय बिघडतं?

मग किल्ला. हा सगळ्यांच्या आठवणीतला, म्हणून थोडक्यात लिहितो. भुईकोट, दुहेरी तट, भोवती खंदक. लोहबंदी दरवाजा, मग ज्याच्यावर मासे कोरलेत तो मछली दरवाजा, आत लाल महाल, राणी महाल, अंबरखाना. बुरुजांवर फार्सी-अरबी लेख, जुन्या तोफा. राष्ट्रकूटांचं नगर, त्यावर पुढच्या राजवटींनी बांधत नेलेला किल्ला. बहमनी गेले, निजामशाही आली, मलिक अंबर आला, मग मोगल, मग हैदराबादचे आसफजाही निजाम, ते थेट १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. जो आला त्याने आधीच्याचा दगड काढून आपल्या भिंतीत बसवला. तटात बारकाईने बघा, मध्येच एखादा कोरीव दगड उलटा बसवलेला दिसतो. देवळाचा खांब बुरुजात, बुरुजाचा चिरा घरात. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

माझ्या परीक्षकांना जो गोंधळ झाला, तो मोगलांच्या दफ्तरातही होत असावा. शाहजहानला दोन कंधार होते. आपलं दख्खनचं कंधार नसीरी खानाने वेढा घालून १६३१ साली घेतलं. अफगाणिस्तानातलं कंधार इराणच्या शाहाकडून शाहजहानकडे १६३८ साली आलं आणि १६४९ साली पुन्हा गेलं, ते कायमचं. म्हणजे आपलंच आधी मिळालं आणि आपलंच टिकलं. हे मी मछली दरवाजात सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. तेवढ्यात एकीने विचारलं, "मग उदगीरची लढाई सगळ्यांना ठाऊक, आपल्या वेढ्याचं साल कुणाला का ठाऊक नाही?" बरोबर आहे. ३ फेब्रुवारी १७६०, सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं, हे पाठ्यपुस्तकात आहे, कारण वर्षाच्या आत पानिपत आहे. उदगीरला पानिपताने साल दिलं. कंधारला साल देणारं कुणी भेटलं नाही.

सर दरवाजाजवळच्या कट्ट्यावर काठी टेकून बसले होते. त्यांना आत चढउतार झेपत नाही. सगळे लाल महालाकडे गेले तेव्हा मी त्यांच्यापाशी थांबलो आणि सगळं सांगून टाकलं. परीक्षक, अफगाणिस्तान, हसणं, माझा राग, त्यांची गल्ली टाळणं. मग लट्टलूर, कंधारपूर, शिलालेख. 'राजधानी' हा शब्द पुराव्यात बसत नाही, पण गावाचं मोठेपण बसतं, हेही सांगितलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे राजा मळखेडला राहायचा, पण आडनाव कंधारकर."

मी म्हणालो, "हो सर."

"मी एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं, तेच फळ्यावर लिहिलं. तपासायला पाहिजे होतं." थोड्या वेळाने म्हणाले, "तू तरी पस्तीस वर्षं थांबायचं नव्हतं. मी त्यानंतर वीस बॅचेसना तेच शिकवलं ना."

हे मला लागलं. चूक त्यांची होती असं धरून मी बसलो होतो. पण ती चूक वीस वर्षं चालू राहिली त्यात माझाही वाटा होता, हे कधी सुचलं नव्हतं. म्हणून नंतरच्या बॅचच्या ज्यांच्या हाती ही स्मरणिका जाईल, त्यांना सरांच्या वतीने आणि त्यांच्या परवानगीने कळवतो. वहीत दुरुस्ती करून घ्यावी. राजधानी मळखेड. कंधार हे राजाच्या बिरुदातलं नगर.

किल्ल्यातून निघून हाजी सय्याह सरवरे मखदूम यांच्या दर्ग्यात गेलो. उरुसाला आपण सगळे जायचो, हिंदू-मुसलमान हा प्रश्नच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. ज्या मित्राच्या घरचा शिरखुर्मा आपण दरवर्षी खाल्ला, त्यानेच तिथे सगळ्यांसाठी दुवा मागितली. मग त्याच्याच घरी पाणी प्यायलो.

शेवटचा मुक्काम आपल्या एका वर्गमैत्रिणीच्या माहेरी होता. नाव लिहीत नाही, तिची तशी इच्छा आहे. जुन्या गावातलं माळवदाचं घर, पांढऱ्या मातीचं धाबं. तिच्या भावाने ते पाडून स्लॅबचं घर बांधायला घेतलं आहे. अर्धं पडलेलं होतं. ती आम्हाला परसात घेऊन गेली आणि धुण्याचा दगड दाखवला. ज्यावर तिच्या आजीने, आईने आणि तिने स्वतः जन्मभर धुणं आपटलं, तो. वरून गुळगुळीत, साबणाने पांढरा झालेला. दोघांनी पहार लावून तो उचकटून कुशीवर केला. खालच्या बाजूला कमळ. पूर्ण उमललेलं, पाकळ्यांच्या दोन ओळी, मधोमध गोल. एखाद्या मंडपाच्या छतात असतं तसं. तीन पिढ्या ते मातीत तोंड खुपसून होतं, म्हणूनच कोरीव काम इतकं ताजं राहिलं.

कुणीच काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "असे अजून तीन होते. एक उंबरठ्याला होता." ते कुठे आहेत हे भावाने सांगितलं. ठेकेदाराने पायाच्या भरावात टाकले. चांगले घट्ट दगड आहेत, वाया कशाला घालवायचे, असं तो म्हणाला होता. भाऊ बिचारा ओशाळला. त्याला कोण बोलणार? मलिक अंबराच्या काळातही बहुधा असाच कुणी ठेकेदार असेल.

पण हा एक वाचला आहे. घर कुणाचं, दगड कुणाचा, यावर थोडी चर्चा झाली. शोभा म्हणून नव्या घराच्या दर्शनी भिंतीत बसवावा, असं भावाच्या मुलाचं म्हणणं. किल्ल्यात इतर मूर्तींजवळ ठेवावा, असं बहिणीचं. शेवटी ठरलं की तहसीलदारांना आणि राज्य पुरातत्त्व खात्याला लेखी कळवायचं. अर्ज मी तिथेच, ओट्यावर बसून लिहिला. पाटबंधारेवाल्याने टेपने मापं घेतली, लांबी दोन फूट चार इंच, रुंदी दोन फूट एक इंच, जाडी नऊ इंच. सरांनी अर्ज वाचला, एक वेलांटी सुधारली आणि साक्षीदार म्हणून सही केली.

अर्जावर अजून उत्तर आलेलं नाही. तोवर दगड परसात, चिंचेखाली, कमळ वर करून ठेवला आहे. तिचा भाऊ म्हणतो, आता बायको त्याच्यावर धुणं टाकू देत नाही, रोज सकाळी हळदकुंकू वाहते.

आता तुमच्याकडे एक मागणं. जुन्या कंधारात ज्यांची घरं आहेत किंवा होती, त्यांनी उंबरठे, पायऱ्या, धुण्याचे आणि पाटावरवंट्याच्या ओट्याचे दगड एकदा उलटून बघावेत. काही दिसलं तर फोटो काढून ठेवा, दगड कुठे होता ते लिहून ठेवा. पुढच्या मेळाव्याला घेऊन या. सरांनी त्या कामासाठी शंभर पानांची एक कोरी वही आणून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर धुण्याच्या दगडाची मापं आहेत.